रात्री झोप लागली होती का, हे आता घड्याळाला विचारायचं?

टंगळमंगळ

मंडळी, सकाळी उठल्यावर बरं वाटतंय की नाही हे सांगायला माणसाला आजवर दुसऱ्या कोणाची गरज पडत नव्हती. माझ्या एका मैत्रिणीला आता पडते. उठते तेव्हा ती चांगली टवटवीत असते. मग मनगट वळवून झोपेचे गुण बघते आणि तोंड उतरतं. "बेचाळीस! तरीच म्हटलं, डोकं का जड आहे." दोन मिनिटांपूर्वी डोकं अजिबात जड नव्हतं, माझ्यासमोर बसून खिदळत होती. दुपारी मात्र ती खरोखर जांभया देते. सोंग नसतं ते.

यावर थोडं वाचलं तर मजेशीर गोष्टी हाती लागल्या. २०१४ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ड्रॅगनिच आणि अर्डल या दोघींचा. विद्यार्थ्यांना यंत्राच्या वायरी जोडल्या आणि सांगितलं, की काल रात्री तुमची 'रेम' झोप, म्हणजे ज्यात स्वप्नं पडतात ती, किती झाली ते यातून कळतं. तसं काहीही कळत नव्हतं, शुद्ध थाप होती. काहींना सांगितलं २८.७ टक्के, म्हणजे झकास. काहींना १६.२ टक्के, म्हणजे कमी. लगेच आकड्यांच्या बेरजांची एक डोकं पिकवणारी चाचणी घेतली. 'झकास' वाल्यांनी ती चांगली सोडवली, 'कमी' वाले मागे पडले. आपली रात्र कशी गेली हे प्रत्येकाने स्वतःही सांगितलं होतं, पण त्याचा निकालाशी काही मेळ बसला नाही. यंत्राच्या नावावर खपवलेल्या आकड्याचा बसला.

२०१७ मध्ये काही झोपतज्ज्ञांनी 'ऑर्थोसोम्निया' हे नाव सुचवलं. तीन रुग्णांच्या हकिकती होत्या. निर्दोष झोपेच्या मागे लागून असलेली झोप घालवून बसलेली माणसं. गुण वाढावेत म्हणून ती बिछान्यात जास्त वेळ काढायची, आणि निद्रानाश बळावायला तेवढं पुरतं. प्रयोगशाळेत रात्रभर तपासून 'तुम्हाला गाढ झोप लागली होती' असं सांगितलं तरी विश्वास मनगटावर! वास्तविक झोपेचे टप्पे नीट ठरवायचे तर मेंदूच्या लहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण मोजावा लागतो. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. अंदाज वाईट असतोच असं नाही, पण तो अंदाज आहे हे पडद्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

तर धाग्याचा विषय हा. माध्यमं आणि यंत्रं आपल्याला शरीराबद्दल माहिती देतात असं आपण धरून चालतो. मला वाटतं, शरीरात काय जाणवावं हेही ती बऱ्याच अंशी ठरवतात. तुमचे अनुभव, वाचन, विरोध, सगळं येऊ द्या.

पायपीट

धागा आवडला. माझ्या प्रांतातलं सांगतो. रोज दहा हजार पावलं, हा आकडा कुठल्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती, त्यात १९६५ साली एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि 'दहा हजार' हे त्याच्या नावातच घातलं. झालं. साठ वर्षं जग त्या जाहिरातीमागे चालतंय.

२०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांचा अभ्यास केला, सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. पावलं वाढतील तसा फायदा वाढत गेला आणि ७,५०० च्या आसपास थांबला. म्हणजे जी आजी साडेचार हजार चालून 'माझं काही होत नाही' म्हणून खट्टू होते, तिचं बरंच काही होऊन गेलेलं असतं. आकडा तिला नापास करतो.

आणि घड्याळ बांधलं की वजन उतरतं म्हणणाऱ्यांसाठी: २०१६ चा एक प्रयोग आहे, ४७१ तरुण माणसं, दोन वर्षं. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं, अर्ध्यांना वर यंत्रही दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोने कमी झालं, बिनयंत्रवाल्यांचं जवळपास सहा किलोने.

वितंडवादी

झालं सुरू. यंत्र वाईट, पूर्वीचं सगळं चांगलं.

जरा दुसरी बाजू. घड्याळातून हृदयाचे अनियमित ठोके पकडता येतात का, हे पाहणारा ॲपलचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. चार लाख एकोणीस हजार लोक. इशारा गेला फक्त ०.५२ टक्के लोकांना, म्हणजे सगळ्यांना घाबरवत सुटलंय असं झालं नाही. त्यांपैकी ज्यांनी छातीवर ठोके नोंदवणारी पट्टी लावून पुढची तपासणी पूर्ण केली, त्यांच्यातल्या ३४ टक्के लोकांना खरोखर एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. हा विकार पक्षाघाताचा धोका वाढवतो आणि कित्येकांना जाणवतही नाही. इथे 'शरीराचं ऐका' म्हणून काय ऐकणार?

टंगळमंगळ

वितंडराव, 'पूर्वीचं सगळं चांगलं' हे वाक्य माझ्या धाग्यात दाखवा, मी धागा उडवतो. :)

तुमचं उदाहरण चांगलंच आहे. पण त्यात घड्याळाने 'डॉक्टरकडे जा' एवढंच सांगितलं आणि पुढचं पट्टीने ठरवलं. झोपेच्या गुणांना अशी कुठली पट्टी नाही. सकाळी निकाल, वर अपील नाही.

नाडीपरीक्षक

मी डॉक्टर आहे, पण इथे जे लिहितोय तो वैद्यकीय सल्ला नाही, आधीच सांगून ठेवतो.

या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. थायरॉइड कमी असणाऱ्यांसाठी तिथे इल्ट्रॉक्सिन नावाची गोळी होती. वर्षानुवर्षं लोक घेत होते. तीस वर्षांत दुष्परिणामांच्या अधिकृत तक्रारी किती, तर १४. २००७ मध्ये उत्पादन दुसऱ्या देशात हललं. मूळ औषध तेच, मात्रा तीच. गोळीतले पूरक घटक बदलले, रंग पिवळ्याचा पांढरा झाला, आकार बदलला. बदल लोकांना नीट समजावून सांगितला गेला नाही. कुजबुज सुरू झाली, मग वर्तमानपत्रं, मग टीव्ही. पुढच्या दीड वर्षात तक्रारी आल्या १,४०० च्या वर.

खरी मेख पुढे आहे. फासे आणि पेट्री या संशोधकांनी टीव्हीच्या बातम्या आणि तक्रारींचे अर्ज शेजारी ठेवून पाहिले. बातमीत ज्या लक्षणांची नावं घेतली होती, बातमीनंतर त्याच लक्षणांच्या तक्रारी वाढल्या. बातमीत नसलेली लक्षणं तशी वाढली नाहीत. थकवा, डोकं दुखणं, वजन वाढणं हे सगळ्यांना अधूनमधून होतच असतं. एरवी आपण सोडून देतो. 'गोळी बदलली आहे, अमुक होतंय का बघा' असं कुणी सांगितलं की तेच हिशेबात धरलं जातं, आणि मग आणखी बारकाईने शोधलं जातं. शोधलं की सापडतं. याला नोसिबो म्हणतात.

मीपण

+१. वाचनखूण साठवली आहे.

खडूसकाकू

डॉक्टर, तुमचं सगळं वाचलं. आता माझं ऐका.

थायरॉइडच्या रुग्णांत बायका किती असतात ते तुम्हाला माहीत आहे. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' हे वाक्य बायकांनी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचीच ॲलर्जी यायची. वेदना सांगितली की आधी 'टेन्शन घेता का?' मग 'नेटवर वाचलंत का?' आता त्यात नोसिबोची भर. नवीन नाव, जुनाच दरवाजा, तोच तोंडावर बंद.

आणि गोळीतले पूरक घटक बदलल्यावर काही जणींना खरंच त्रास झाला नसेल कशावरून? थायरॉइडच्या गोळीत शोषण थोडं इकडेतिकडे झालं तरी फरक पडतो, हे तुम्हीच पेशंटला सांगता ना?

नाडीपरीक्षक

काकू, दोन्ही मुद्दे रास्त आहेत. काहींना खरा त्रास झाला असणार. गोळी बदलली तर रक्त तपासून मात्रा पुन्हा बसवावी लागते, हे पुस्तकातच आहे. पण तेवढ्याने १४ चे १,४०० होत नाहीत.

पहिल्या मुद्द्याबद्दल: नोसिबो म्हणजे खोटी वेदना, असा अर्थ जो डॉक्टर काढतो त्याला तो कळलेला नाही. २०२० मध्ये लंडनहून 'सॅमसन' नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेऊन त्रास झाला म्हणून ज्यांनी गोळ्या सोडल्या होत्या असे ६० जण. प्रत्येकाला वर्षभरासाठी बारा बाटल्या: चार स्टॅटिनच्या, चार हुबेहूब दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली, ते चिठ्ठी टाकून. रोज फोनवर त्रासाचे गुण भरायचे, शून्य ते शंभर. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८. औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३.

म्हणजे गोळी घेतल्याने त्रास होत होता, हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. जवळपास दुप्पट होत होता. पण त्यातला सुमारे नव्वद टक्के भाग गोळी घेण्याच्या कृतीतून येत होता, औषधातून नाही. नंतर प्रत्येकाला स्वतःचा आलेख दाखवला आणि निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कुणी त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून घरी पाठवलं असतं तर एकानेही केल्या नसत्या.

(स्टॅटिनने क्वचित स्नायूंना खरी इजा होते. लघवी गडद झाली, स्नायू फार दुखू लागले तर थांबू नका, लगेच दाखवा.)

खडूसकाकू

हं. आलेख दाखवला हे आवडलं. आमच्या वेळी फक्त भुवया उंचावल्या जायच्या.

अमावस्या

बातमीने चांगलंही घडतं की. मे २०१३ मध्ये अँजेलिना जोलीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, की आपल्यात बीआरसीए-१ हे दोषयुक्त जनुक आहे आणि कर्करोग टाळण्यासाठी आपण दोन्ही स्तन काढून घेतले. पुढच्या पंधरा कामकाजाच्या दिवसांत अमेरिकेत त्या जनुकाच्या चाचण्या ६४ टक्क्यांनी वाढल्या.

पण यालाही शेपूट आहे. चाचण्या वाढल्या तरी शस्त्रक्रिया वाढल्या नाहीत. चाचणी केलेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेचं प्रमाण तर खाली आलं. संशोधकांचा अंदाज असा, की ज्यांना धोका कमी होता त्याच जास्त संख्येने धावल्या. लेख एका विशिष्ट धोक्याबद्दल होता, वाचला सगळ्यांनी.

त्याउलट इंग्लंडमधली जेड गुडी. रिॲलिटी शोमधली मुलगी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मार्च २००९ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेली. आजारपण सगळं माध्यमांसमोर. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये तपासणीला नेहमीपेक्षा सुमारे ४ लाख ७८ हजार जास्त स्त्रिया आल्या. कुठल्या सरकारी पत्रकाला हे जमलं असतं? मात्र लाट ओसरली, आणि पुढे तरुण मुलींचं येणं पुन्हा कमी झालं.

मला यात एक फरक दिसतो. गुडीच्या बातमीनंतर काय करायचं ते ठरलेलं होतं: तपासणीची चिठ्ठी घरी आलेली असायची, ती घेऊन जायचं. बातमीने भीती दिली, पण रस्ता आधीच बांधून तयार होता. ज्या बातमीला असा रस्ता नसतो तिची भीती घरातच फिरत राहते.

शून्यप्रहर

औषधं, तपासण्या झाल्या. पण आरशाचं काय?

फिजीतल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथे भरल्या अंगाचं कौतुक होतं. ॲन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टीव्ही आल्याआल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याच्या विकाराचा धोका दाखवणारे गुण १२.७ टक्के मुलींना होते, ते २९.२ टक्क्यांना झाले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के. नमुना लहान होता, दोन्ही वेळी साठ-पासष्ट मुली, हे ध्यानात ठेवायलाच हवं. पण मुलींनी जे सांगितलं ते जास्त बोलकं आहे. त्यांना मालिकेतल्या बाईसारखं नुसतं दिसायचं नव्हतं. तशा बाईला नोकरी मिळते, तिचं ऐकलं जातं, हे त्यांनी हेरलं होतं. शरीर बदलणं ही त्यांच्या लेखी वर चढायची शिडी होती.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. महासाथीच्या वर्षांत अनेक देशांत किशोरवयीन मुलं, त्यातही मुली, अचानक झटके, हातवारे, तोंडातून निघणारे शब्द अशा तक्रारी घेऊन येऊ लागल्या. टूरेट सिंड्रोम या मेंदूच्या विकारासारखं दिसणारं, पण टूरेट बहुधा लहानपणी हळूहळू सुरू होतं आणि मुलग्यांत जास्त आढळतं. जर्मनीतल्या हॅनोवरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं, की त्यांच्याकडे येणाऱ्यांची लक्षणं एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीवरच्या टूरेट असलेल्या तरुणाशी जुळतात, अगदी वाक्यंसुद्धा तीच. पूर्वी अशा साथी एका वर्गात, एका वसतिगृहात पसरायच्या, कारण एकमेकांना पाहावं लागायचं. आता पाहायला एका खोलीत असण्याची गरज उरली नाही.

पुन्हा तेच, काकूंनी ओरडण्याआधी: मुली ढोंग करत नव्हत्या.

खडूसकाकू

ओरडत नाहीये. वाचतेय.

वितंडवादी

उदाहरणं जोरदार आहेत, मान्य. पण निवडून काढलेली आहेत. ऑर्बेन आणि प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती चाळली. मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के भाग पडद्याच्या वापराशी जोडता आला. फेसबुकने जवळपास सात लाख लोकांच्या नकळत त्यांना दिसणाऱ्या आनंदी-दुःखी पोस्टी कमीजास्त करून पाहिल्या, २०१४ मध्ये त्यावर गदारोळ झाला. गदारोळ परवानगी न घेतल्याबद्दल व्हायलाच हवा होता, पण परिणाम? नगण्य. माणसांच्या पुढच्या पोस्टींतले शब्द केसभर बदलले.

मग नक्की काय ते ठरवा. यंत्र माणसाला बाहुलीसारखं नाचवतं की काहीच करत नाही?

टंगळमंगळ

हा प्रश्न आवडला, कारण मलाही तो छळत होता.

मला वाटतं 'पडद्याचा वापर' हे मोजमापच भोंगळ आहे. तासभर मित्राशी गप्पा आणि तासभर स्वतःच्या पोटाचे फोटो इतरांच्या पोटाशी ताडणं, दोन्हींचा एकच तास धरायचा आणि सरासरी काढायची. ०.४ निघणारच. वर दिलेल्या उदाहरणांत परिणाम मोठा दिसतो तिथे तीन गोष्टी एकत्र आल्यात: शरीरात आधीच काहीतरी अस्पष्ट जाणवत असतं, कुणीतरी त्याला नेमकं नाव किंवा आकडा देतं, आणि तो देणारा आपल्यापेक्षा जाणता आहे असं आपल्याला वाटतं. झोप, थकवा, दुखणं, पोट, धडधड. सगळी अस्पष्ट खाती. पाय मोडला असेल तर कुठल्याही व्हिडिओने तो मोडलेला वाटायचा थांबत नाही.

फेसबुकच्या प्रयोगात यातलं काहीच नव्हतं, म्हणून केसभर.

नाडीपरीक्षक

टंमं, हे जमलंय. एक पुस्ती. तंत्रज्ञानाचा सगळ्यात साधा वापर मी पाहिलाय तो आकडा न देणारा. केनियात एचआयव्हीच्या ५३८ रुग्णांवर चाचणी झाली, २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. अर्ध्या लोकांना दवाखान्यातून दर आठवड्याला एक एसएमएस यायचा, स्वाहिलीत, "कसं काय?" एवढाच. गोळी घेतलीत का, असा सवालही नाही. ४८ तासांत उत्तर द्यायचं: ठीक आहे, किंवा अडचण आहे. अडचण म्हटलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर नर्स फोन करायची. वर्षभराने एसएमएस मिळणाऱ्यांपैकी ६२ टक्के लोक गोळ्या नियमित घेत होते, इतरांत ५० टक्के. रक्तातला विषाणूही जास्त लोकांत आटोक्यात आलेला दिसला, म्हणजे नुसतं 'घेतो हो' म्हणणं नव्हतं.

यात यंत्र रुग्णाला काही सांगत नाही. त्याला विचारतं, आणि पलीकडे माणूस बसलेलं असतं.

निद्रानाशी

धाग्यावर माझं नाव वाचून सगळ्यांना वाटेल मीच तो. :) मी झोपेचे गुण दिसणं बंद करून टाकलंय, सेटिंगमध्ये शोधलं तर पर्याय सापडतो. किती वाजता पडलो आणि किती वाजता उठलो एवढंच ठेवलंय, कारण त्यात घड्याळ चुकत नाही आणि ते दोन्ही माझ्या हातात आहेत.

मीपण

इतका वेळ नुसता वाचत होतो. नाडीपरीक्षक, एक विचारू का? बाबांनी एक व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून त्यांचे पाय दुखतायत. स्टॅटिन बंद करायची म्हणतात. हा धागा वाचायला देऊ का त्यांना?

नाडीपरीक्षक

धागा मुळीच देऊ नका. 'तुम्हाला नोसिबो झालाय' हे मुलाकडून ऐकून कोणाचे पाय आजवर बरे झाले नाहीत.

गोळी परस्पर बंद करू देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या. तोवर रोज ठरावीक वेळी किती दुखलं ते त्यांनाच लिहू द्या, कुठे दुखलं, दोन्ही पायांत का, चालल्यावर का. खरा स्नायूंचा त्रास असेल तर डॉक्टर रक्तात सीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासतील, औषध किंवा मात्रा बदलतील. पर्याय बरेच आहेत. आणि 'व्हिडिओ पाहण्याआधी दुखत होतं का?' हा प्रश्न तुम्ही विचारू नका, डॉक्टरला विचारू द्या. घरच्यांनी विचारलं की ती उलटतपासणी होते.

मीपण

धन्यवाद डॉक. वेळ घेतली. बाबांना लिहायला वही दिली, तर म्हणतात, "वही कशाला? याचं ॲप असेल ना?"